पान उलटण्याचा खोकला

१५ ऑगस्ट

झेंडावंदन पार पडलं. दोरीची गाठ यंदाही अडकली आणि वैभवला खांबावर चढवावं लागलं. हा पाचवीतला पोरगा वाचनात मागे, बाकी सगळ्या उचापतींत पुढे. मग पालक समितीचे अध्यक्ष म्हणून सुधाकररावांचं भाषण झालं. भाषण मीच लिहून देते, आठवडाभर आधी. तीन पानं, कुठे अडखळणं नाही, कुठे चष्मा पुसणं नाही, पान उलटतानासुद्धा वाक्य तुटत नाही. मुधोळला मामाकडे राहून सातवी शिकलेला माणूस, पण बेल्याच्या आसपासच्या गावांत असं वाचणारा दुसरा कोणी नाही. माझीच वाक्यं त्यांच्या तोंडून माझ्यापेक्षा बरी वाटतात, याचा दरवर्षी थोडा राग येतो. त्यांची मयूरी माझ्याकडे चौथीत आहे. ती पुढच्या रांगेत उभी राहून मध्ये मध्ये खोकत होती. गरम पाणी पीत जा म्हणून बजावलं.

पुण्याचं पार्सल परवाच आलं होतं, ते आज आदिलाबादला घरी आल्यावर उघडलं. 'पानापानांत' या त्रैमासिकासाठी मी मुलांच्या नव्या पुस्तकांची परीक्षणं लिहिते. या खेपेला सगळी चित्रांची पुस्तकं आहेत. वरवरसुद्धा चाळली नाहीत, फक्त मागची ओळख वाचली. एकात झाड रडतं. दुसऱ्यात ढग रडतो. तिसऱ्यात प्लास्टिकची पिशवी रडते आणि शेवटी सगळ्यांची माफी मागते. मोठ्यांना रडायला वेळ उरला नाही, म्हणून ते काम आता पोरांच्या पुस्तकांकडे दिलेलं दिसतं.

चाळली नाहीत, कारण माझा नियम आहे. पुस्तक आधी वाचायचं नाही. पहिल्यांदा उघडायचं ते वर्गात, पोरांच्या समोर. आधी वाचलं की आपण तोंड तयार करून जातो, आणि पोरं पुस्तकाला सोडून आपल्या तोंडाकडे बघून हसतात. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं, आणि त्यांच्या तोंडावर जे उमटेल ते परीक्षणात लिहायचं. संपादक मृणालताई याला 'आदिलाबाद पद्धत' म्हणतात. पुण्यात बसून लिहिणाऱ्या विद्वानांना हे जमायचं नाही, असंही म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

२९ ऑगस्ट

आज एका पुस्तकाने चांगलंच हसवलं. मुंबईची मुलगी मामाच्या शेतावर येते आणि कापूस बघते. कापूस म्हणजे काय, तर आंब्याएवढं झाड आणि त्याला गुलाबी-पांढरे फुगे. पोरं चित्रावर वाकली. मग मयूरी म्हणाली, "मॅडम, हा कापूस नाई. हे बुड्डीचे बाल हायेत, जत्रेतले." वैभव म्हणाला, "खाऊन पाहू काय?" आणि पानाला जीभ लावायला निघाला.

मयूरीसारखी वाचणारी पोर मी इतक्या वर्षांत पाहिलेली नाही. मोठ्याने वाचते ते असं, की समोरच्याला पाठ व्हावं. वाक्य तोडते, थांबते, तेच पुन्हा म्हणते. एवढंसं वय, पण जणू कोणाला शिकवतच असते. घरी कोणाला वाचून दाखवतेस का, विचारलं तर म्हणाली, "बैलाले." सगळे हसले, मीही.

परीक्षणात लिहिलं, 'चित्रकाराने कापूस फक्त कानात घालायचा पाहिला असावा.' मृणालताई काय करणार ते ठाऊक आहे. हे वाक्य उडेल आणि तिथे येईल, 'सीमाभागातली मुलं पुस्तकाशी खेळकर संवाद साधतात.' पोरांचे शब्द त्यांना हवे असतात. माझे मात्र खुपतात.

१९ सप्टेंबर

मंडलचे, म्हणजे आमच्या तेलंगणातल्या तालुक्याचे, शिक्षणाधिकारी येऊन गेले. मराठीची एकच खोली, पहिली ते पाचवी, आणि मी एकटी. पट दरसाल उतरतोय. त्याच आवारात इंग्रजी माध्यम सुरू झाल्यापासून आमची खोली म्हणजे लग्नात आलेली आगंतुक. साहेब तेलुगूत बोलत होते, मी मान हलवत होते. सगळ्यांना इंग्रजीत घालून मोकळं व्हावं, असा सूर होता.

सुधाकरराव शेतातून तसेच आले, पायाला माती. म्हणाले, "साब, बच्ची घर में पढ़ती है तो मेरेकू समझना ना. तेलगू में पढ़ी, अंग्रेजी में पढ़ी, मेरेकू क्या समझता? मराठीच होना." साहेब हसले आणि यंदा राहू द्या म्हणाले.

शिकलेल्या बापाने इतकं लहान होऊन बोलावं, याचं मला कौतुक वाटलं. माझे बाबा, रामाजी, सुधाकररावांच्याच वडिलांकडे, पाटलांकडे, सालगडी होते. बैठकीत त्यांना कधी चटईसुद्धा मिळाली नाही. आणि मी याच गावात बदलून आले तेव्हा गावात पहिल्यांदा 'मॅडम' म्हणाले ते सुधाकरराव. पुढे सगळ्यांनी तेच धरलं. मी ते विसरत नाही. त्यांचा बापही विसरत नाही मी, पण ते वेगळं.

समितीच्या ग्रुपवर त्यांचे आभार लिहिले. उत्तरात नेहमीप्रमाणे आवाज पाठवला त्यांनी. मोठ्या माणसांना टाईप करायचा कंटाळा.

१० नोव्हेंबर

शेवटी एक खरं पुस्तक आलं! श्रीरंग उपळेकरांची कादंबरी, 'कापूसगावची चिमी'. नऊ ते बारा वयासाठी. हे उपळेकर मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेत आले होते. दिवसभर राहिले, पोरांशी खेळले. 'तुमच्या घरातली कोणालाच माहीत नसलेली एक गोष्ट मला कानात सांगा' असा त्यांचा खेळ होता. एकेकाला कडुनिंबाखाली बोलावून ऐकत होते. मी पोह्या-चहात अडकलेली. मयूरी जायला तयार नव्हती, तिला मीच ढकललं होतं. एवढे मोठे लेखक रोज थोडेच येतात.

नियम मोडून पहिलं पान मात्र बघितलं. अर्पणपत्रिका आहे: 'बेल्याजवळच्या त्या छोट्या शाळेतल्या मुलांना, आणि त्यांच्या वृषाली मॅडमना.' अनुपला दाखवलं. तो जेवत होता. म्हणाला, "मानधन किती?" नवरा ट्रेझरीत कारकून असला की हे असं होतं.

१३ नोव्हेंबर

दोन प्रकरणं झाली. पोरं हलली नाहीत. मधली सुट्टी झाली तरी पहिलीतलेसुद्धा बसून. गाव आपलंच वाटतं. रडणारं झाड नाही, शिकवण नाही, पुण्याची मुलगी येऊन आपल्याला पाणी वाचवायला सांगत नाही. चिमी नावाची पोर, तिचा बाप बापूराव, गावचा सरपंच, मानी माणूस.

सुट्टीत मयूरी टेबलाजवळ आली. "मॅडम, हे बंद करू ना. ते मांगचं वाचू, झाडाचं."

"रडणारं झाड? ते तुलाच आवडलं नव्हतं."

"आता आवडते."

"काऊन गं?"

ती टेबलाचा कोपरा नखाने खरवडत राहिली. म्हणाली, "पुढं काय होते, तुमाले मालूम हाय काय?"

मी म्हटलं, मलाही नाही माहीत, तीच तर मजा. ती जाऊन बसली. हुशार पोरांचं हे असं असतं, सगळ्या वर्गाला आवडलेलं त्यांना नेमकं नको असतं. मी लहानपणी अशीच होते.

१८ नोव्हेंबर

आजचं प्रकरण म्हणजे कळस. सरपंच बापूरावाला वाचता येत नाही, हे गावात कोणालाच माहीत नाही. प्रजासत्ताक दिनाचं भाषण चिमी त्याला गोठ्यात वाचून दाखवते. तो सरकीची ढेप फोडता फोडता ऐकतो आणि पाठ करतो. एक वाक्य तिचं, एक त्याचं. पण पान कुठे उलटायचं? म्हणून ठरतं, की चिमीने पुढच्या रांगेत उभं राहायचं, आणि पान संपलं की खोकायचं. बाप खोकला ऐकून पान उलटतो. सगळं गाव टाळ्या वाजवतं.

ढेपेचा तुकडा बैलाच्या तोंडात जातो तो आवाजसुद्धा लिहिलाय. हे पुणेकराकडे कुठून आलं? माणसाने अभ्यास केलाय.

वर्गात आधी चिडीचूप. मग वैभव खोकला. मग दुसरा कोणी. मग सगळी खोली खो-खो खोकायला लागली, हसून हसून पोरं बाकावरून पडली. पुस्तकात शिरणं म्हणतात ते याला. मयूरी तेवढी हसली नाही. दप्तर पोटाशी धरून बसली होती. पोट दुखतंय म्हणाली, घरी पाठवलं.

१९ नोव्हेंबर

परीक्षण एका बैठकीत झालं आणि पाठवूनही दिलं. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवते, कारण बऱ्याच दिवसांनी स्वतःचं लिहिलेलं आवडलंय:

'खोकल्याच्या खुणेवर पान उलटणारा बाप हा गेल्या काही वर्षांतल्या बालसाहित्यातला सर्वोत्तम कल्पित प्रसंग आहे. आमच्या भागातलं असं काही उपळेकरांनी लिहिलं आहे, जे आमच्या भागात कधी घडलं नाही आणि तरी शंभर टक्के खरं आहे. माझा वर्ग खोकत खोकत हसला. यापेक्षा मोठी पावती मी देऊ शकत नाही.'

मृणालताईंचं लगेच उत्तर. एक शब्दही कापणार नाही म्हणाल्या. देव पावला.

२८ नोव्हेंबर

त्या दिवसापासून मयूरी आलेली नाही. कापूस वेचायचे दिवस, पोरी गळतातच. पण सुधाकररावांची पोर यापूर्वी कधी वेचणीला गेली नव्हती. समितीच्या ग्रुपवर त्यांना विचारलं. आवाज नाही, काही नाही.

वर्गात खोकल्याची साथ आलीय, म्हणजे सोंगाची. मी पान उलटलं की कोणीतरी खोकतं. पहिल्यांदा गंमत वाटली, आता डोकं उठतं. वैभवला बाहेर उभं केलं. बाहेरही तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बघून खोकत होता.

११ डिसेंबर

समितीची बैठक. हजेरी कधी नव्हे ती भरपूर. वाटलं, शाळेची काळजी वाटायला लागली लोकांना. मयूरीच्या घरचं कोणी येईल की नाही शंका होती, पण सुधाकरराव आले. पटाचा विषय होता. ते बोलायला उभे राहिले, हातात मी दिलेला कागद.

मागून कोणीतरी खोकलं.

मग दुसरं. मग बायकांच्या बाजूने एक बारीक खोकला, आणि त्यावर हसू. सुधाकररावांनी कागद खाली केला. कोणाकडे बघितलं नाही. कागदाची घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवली, आणि चपला घालून निघून गेले. मी तिथे उभी राहून लोकांना म्हणाले, थंडीचे दिवस आहेत, मफलर बांधत जा. तर आणखीच हसले सगळे.

स्कूटीवर अर्ध्या वाटेत आल्यावर समजलं. गाडी बाजूला घेतली. दोन्ही बाजूंना वेचलेली कापसाची शेतं होती, आणि मला आठवत गेला एकेक खोकला.

१२ डिसेंबर

आईला सगळं आधीच माहीत. गावातून बयनाबाईचा, म्हणजे तिच्या चुलतबहिणीचा, फोन आला होता. आई भाजी निवडत होती आणि बऱ्याच दिवसांनी इतकी खूश दिसली.

"बरं केलं व माय तू. पाटलाच्या पोराले अक्षर येत नाई! मुधोळची सातवी म्हणे! आन् ते सांगतलं कोणी, तं रामाजीच्या पोरीनं, भर वर्गात, पुस्तक वाचून! तुह्या बापाले बैठकीत जोड्याजवळ बसा लागे त्याईच्या. आज तो राह्यला पाह्यजे होता."

"आई, मला माहीत नव्हतं."

"नसू दे नं. आपल्या लोकाईले सांगू नोको असं. सारे खूश हायेत."

मी हसले. हे इथेच लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. आईने मयूरीच्या खोकल्याची नक्कल करून दाखवली, आणि मी हसले. पोटातून आलं ते हसू, कुठल्या जुन्या पोटातून कोण जाणे. मग लाज वाटली. पण आधी हसले.

गावात दोन तट आहेत म्हणे. आमचे म्हणतात, वृषालीने उट्टं काढलं. त्यांचे म्हणतात, वृषालीने उट्टं काढलं. दोघांचं एकमत व्हायला मीच मिळाले.

१४ डिसेंबर

गेले त्यांच्या घरी. मालनबाई, मयूरीची आई, अंगणात होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. पूर्वी या अंगणात आमच्या माणसाला वरून ओतत पाणी. त्यांनी स्टीलचा पेला हातात दिला, आणि तो हातात धरून मला आणखी वाईट वाटलं.

"मयूरी?"

"घरात हाय. येत नाई बाहेर."

"सुधाकरराव?"

"वावरात. चौकातून जात नाई आता, नाल्यानं जाते. दुकानात गेले तं पोट्टे खोकतात. सोसायटीत गेले तं मोठे खोकतात." त्या सूप उचलून डाळ पाखडायला लागल्या. "तुमाले मालूम होतं काय मॅडम?"

"नव्हतं. शपथ घेते."

"मंग वाचलं काऊन?"

मी त्यांना माझी पद्धत सांगितली. आधी वाचत नाही, पोरांच्या बरोबरच पहिल्यांदा वाचते, म्हणजे त्यांचं खरं मत कळतं, पुण्यात याचं नाव आहे. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं आणि आवाज बारीक होत गेला.

मालनबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमी तं दाळबी निवडून टाकतो मॅडम. लेकराईच्या तोंडात जाची असते."

दारामागे मयूरी उभी होती. मी हाक मारली. ती तिथूनच म्हणाली, "मी त्या लेखक सराईले सांगतलं होतं, कोणाले सांगू नोका. ते म्हणे, नाई सांगत. तुमीबी म्हणलं होतं, जा, सांग."

"बाबा रागावले तुला?"

"नाई. काईच नाई म्हणलं." मग दाराची कडी चाळवत, "ते आता ऐकत नाई मी वाचलं तं. उठून जातात."

त्या घरी मराठीत वाचून दाखवायला एक पोर होती आणि ऐकायला एक बाप होता, म्हणून तर मराठीची खोली टिकली होती. हे मला त्या अंगणात बसल्यावर उमगलं, आणि आम्ही मोठ्या तोंडाने भाषेवर परिसंवाद घेतो.

५ जानेवारी

अंक आला. पहिल्याच पानावर माझं परीक्षण, चौकटीत, फोटोसकट. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघतेय, आणि तिच्या पाठीवर माझं वाक्य छापणार आहेत, 'सर्वोत्तम कल्पित प्रसंग'. खाली नाव, वृषाली, आदिलाबाद.

मृणालताईंना फोन केला. परीक्षण मागे घ्यायचंय म्हणून सांगितलं, आणि का ते सगळं सांगितलं. पलीकडून दोनदा 'अरे देवा' आलं. मला वाटलं, बाईंना लागलं मनाला. मग म्हणाल्या, "वृषाली, अगं, हे लिही तू! हे तर पुस्तकापेक्षा भारी आहे. तो बाप, ते खोकणारं गाव, तुझे वडील त्यांच्याकडे सालगडी. पुढच्या अंकाची मुख्य गोष्टच ही. नावं बदलू आपण."

"उपळेकरांनीही नाव बदललं होतं, ताई."

"ते वेगळं. त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना. मी बोलते त्यांच्याशी."

संध्याकाळी त्यांचा निरोप आला. उपळेकरांना फार वाईट वाटलं. पण पुस्तकात बापाचं प्रेमच दिसतं, त्या मुलीला मोठी झाल्यावर अभिमान वाटेल, असं त्यांचं म्हणणं. तिला एक प्रत सही करून पाठवतायत.

मी बसून हिशोब लावला. परीक्षण मागे घ्यायचं तर कारण द्यायला हवं. कारण द्यायचं तर ते खरं आहे म्हणून सांगायला हवं. खरं आहे म्हटलं की आज बेल्यापर्यंत गेलेलं उद्या पुण्या-मुंबईपर्यंत जाईल. म्हणजे गप्प बसायचं आणि पाठीवर आपलं कौतुक छापू द्यायचं. मृणालताईंना कळवलं, काहीच लिहिणार नाही. त्यांना ते आवडलं नाही. आपल्यातली लेखिका मारू नकोस, म्हणाल्या.

सही केलेली प्रत आलीच तर माझ्या पत्त्यावर येईल. पोचवणार नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. अध्यक्षांचं भाषण नव्हतं. समितीतल्या कोणीतरी मोबाईलवरून वाचून दाखवलं, चार ओळींत तीन चुका. गाव खूप जमलं होतं. सुधाकरराव येतील आणि गंमत होईल म्हणून आलेले सगळे. ते आले नाहीत, तेव्हा जिलबी खाऊन लोक पांगले.

मयूरीच्या जागी पुढच्या रांगेत दुसरी पोर उभी केली होती. तिला खरंच सर्दी होती बिचारीला. एकदा खोकली आणि सगळे फिरून बघायला लागले तेव्हा रडायला लागली.

९ फेब्रुवारी

सुधाकरराव मयूरीची टीसी न्यायला आले. मयूरी सोबत. इचोड्याला मामाकडे ठेवणार, तिथल्या इंग्रजी शाळेत. हायवेवरची शाळा, बस दारात येते, टाय असतो. मी म्हटलं, दोन महिने तर राहिलेत, परीक्षा तरी इथे देऊ द्या.

"नाई मॅडम."

"मराठीच पाहिजे म्हणून तुम्हीच साहेबांना सांगितलं होतंत."

"सांगतलं होतं." ते टेबलाकडे बघत होते. "तवा मले समजाले पाह्यजे होतं ती काय वाचते ते. आता नाई पाह्यजे."

मी म्हणाले, माझ्याकडून चूक झाली. सगळी चूक माझी. ते म्हणाले, "तुमी काई मुद्दाम केलं नाई. मले मालूम हाय. मी लोकाईलेबी तेच सांगतलं." म्हणजे हा माणूस, ज्याच्यावर सगळं गाव खोकतं, तो माझी बाजू घेत होता. आणि अजून 'मॅडम' म्हणत होता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रजिस्टर पुढे सरकवलं, पेन दिलं. त्यांनी पेन घेतलं नाही. म्हणाले, "पॅड आणा."

"सही करता ना तुम्ही. दरवेळी करता."

"ते सही नोती मॅडम. चित्र होतं. पोरीनं काढाले शिकवलं होतं. आता साऱ्याईले मालूम हाय, तं चित्र कायले काढू?"

शाईचं पॅड कपाटात होतं, वाळलेलं. त्यात पाणी घालावं लागलं. त्यांनी आंगठा दाबला, शांतपणे, जागा मीच दाखवली. मयूरीने तिच्या रुमालाने तो पुसला, नखाच्या कडेपर्यंत, जसं लहान पोराचं नाक पुसतात. वैभव दारात होता. खोकला नाही. बाहेर पळून गेला.

सकाळीच पुण्याचं पार्सल आलं होतं, टेबलावर पडलं होतं. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. वरचं पुस्तक काढून मयूरीला दिलं, नवं कोरं, मोठ्या अक्षरांचं. तिने घेतलं नाही, पण बघितलं. पूर्वी ती पुस्तक दिसलं की आधी वास घ्यायची.

"हे कोणाच्या घरचं हाय?"

"कोणाच्याच नाही गं. अस्वलाचं आहे. गुहेत राहतं, मध खातं."

तिने मुखपृष्ठावरच्या अस्वलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अस्वलाले इचारलं होतं काय?"

सुधाकरराव दारापर्यंत गेले होते. त्यांनी हाक मारली आणि ती गेली.